दस्त्यावरचे दोन शब्द

लाल प्लास्टिकच्या कपावर माझं नाव लिहिलेलं होतं. काळ्या मार्करनं, इंग्लिशमध्ये. नावाच्या बाजूला एक हसरा चेहरा काढलेला.

मी तेव्हा पाचवीत होते. वर्षाकाकूंच्या बेसमेंटमध्ये आम्ही मुली नाचाची प्रॅक्टिस करायचो. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधलं त्यांचं घर मोठं, बेसमेंटला मऊ कार्पेट, एका भिंतीला आरसा. मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम जवळ आला होता. मध्येच काकू वरून ट्रे घेऊन खाली आल्या. ट्रेमध्ये स्टीलचे पेले, त्यात लिंबाचं सरबत. सगळ्या मुलींनी एकेक पेला उचलला. मीही हात पुढे केला.

"थांब थांब बाळा, तुझा वेगळा आहे," काकू म्हणाल्या. "बघ, तुझं नाव लिहिलंय. स्पेशल."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला. काकूंची मुलगी ईशा कुरकुरली, "नो फेअर, मॉम! मला पण तसा हवा." काकू हसल्या. "नाही गं, तो तिचाच."

प्रॅक्टिस संपल्यावर मी तो कप घरी घेऊन आले. टेबलावर पेन्सिली ठेवायला. आई किचनमध्ये होती. तिनं कप पाहिला.

"कोणी दिला हा?"

"वर्षाकाकूंनी. स्पेशल आहे. फक्त मला दिला."

"अन् बाकीच्या पोरींले?"

"त्यांना स्टीलचे."

आई होती तिथेच, किचनच्या फरशीवर खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मग तिनं विचारलं, "मागच्या रविवारी काही विचारलं होतं का तिनं तुले?"

विचारलं होतं. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं होतं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो गं?" आणि मी सांगितलं होतं, आम्ही गणपती बसवत नाही, आम्ही बुद्धिस्ट आहोत, आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे. "हो का? छान छान," काकू म्हणाल्या होत्या. आणि डोक्यावरचा हात काढून घेतला होता. तो हात मला आईनं विचारल्यावर आठवला. तोपर्यंत त्यात आठवण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

आईनं कप कचऱ्यात टाकला. मी रडले. भांडले. तिनं मला जवळ बसवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आपण कोण. ते कोण. नागपूरला हॉस्टेलमध्ये तिच्या रूममेटनं आडनाव कळल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतःची बादली कशी वेगळी ठेवली. "बादली अन् कप सारखंच आहे, बेटा," ती म्हणाली. "इथे फक्त हसून देतात."

बाबा ऑफिसातून आले तेव्हा आईनं त्यांनाही सांगितलं. बाबा गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. वर्षाकाकूंचे मिस्टर, श्रीकांतकाका, बाबांचे बॉस. बाबांचं ग्रीनकार्ड अडकलेलं, आणि ते काकांच्याच डिपार्टमेंटमधून पुढे सरकायचं होतं. बाबांनी बूट काढता काढता ऐकून घेतलं.

"सर्दी झाली असन हिले. म्हणून वेगळा दिला असन."

"सर्दी नव्हती," मी म्हणाले.

"मुद्दाम नसन केलं. जाऊ दे."

बाबांना सगळं कळलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मला तेव्हाही समजलं. मंडळात गेले की बाबांचं मराठी बदलायचं. घरी आईसारखंच नागपुरी बोलणारा माणूस तिथे 'मला वाटतं', 'बरं का' असं पुण्याचं बोलायला लागायचा. कुठले, असं कोणी विचारलं की 'नागपूर' म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून लगेच पावसाबद्दल, ट्रॅफिकबद्दल काहीतरी बोलायचे. आईला हे जमलं नाही. तिनं प्रयत्नही केला नाही. ती मंडळात जायची बंद झाली.

पुढच्या रविवारी बाबांनी मला परत काकूंकडे सोडलं. नवा लाल कप आला. पुन्हा माझं नाव. मी तो उचलला नाही. घसा कोरडा पडला तरी तशीच नाचत राहिले. काकूंनी एकदा विचारलं, "तहान नाही का गं लागली?" मी मान हलवली. मला त्याहून मोठा नकार तेव्हा येत नव्हता.

प्रॅक्टिसमध्ये मी मधोमध असायचे. कार्यक्रमाच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत होते, कोपऱ्यात. कोणी काही सांगितलं नाही. नुसतं खांद्याला धरून मागे उभं केलं.

त्या हिवाळ्यात शाळेत स्की क्लब सुरू झाला. आमच्या जिमच्या शिक्षिका डायना तो चालवायच्या. काउंटीच्या पार्कमध्ये, दर रविवारी. मी नाव दिलं, कारण तो रविवारी होता, काकूंकडे जायच्या दिवशी. बर्फाची ओढ, खेळाचं प्रेम वगैरे सगळं नंतर आलं. मुलाखतींमध्ये विचारतात, व्हॉट ड्रू यू टू द स्पोर्ट? मी काहीतरी सांगते. निसर्ग, शांतता. खरं उत्तर रविवार आहे.

बाबा म्हणाले, "आपल्या लोकांचं नाही ते काम. पडशीन, हाड मोडशीन."

आई म्हणाली, "जाऊ द्या तिले. पडली तर पडली."

मी पुष्कळ पडले. लांब, अरुंद स्की, टाच मोकळी, चढावर कोंबडीसारखे पाय फाकवून चढायचं. पण माझी छाती चांगली होती. दम टिकायचा. दोन हिवाळ्यांनंतर डायना आईला म्हणाल्या, हिला वर, उत्तरेला घेऊन या, तिथे बायथलॉन शिकवतात. आईला तो शब्द नीट ऐकू आला नाही. मी समजावलं. स्कीवर पळायचं, पाठीवर रायफल. मध्येच थांबून पाच काळ्या चकत्या पाडायच्या, कधी पालथं पडून, कधी उभ्यानं. जेवढ्या चुकतील तेवढे शिक्षेचे फेरे मारायचे. मग परत पळायचं.

"बंदूक?" आई म्हणाली. ती गाडी चालवत होती. मग एकदम हसायला लागली. "तुझ्या आज्यानं कधी काठी नाही उचलली कोणावर. अन् तू बंदूक."

मग ती मला दर आठवड्याला घेऊन जायची. मोठा पूल ओलांडून, मिशिगनच्या वरच्या टोकाला. पुलावर वारा गाडी हलवायचा आणि ती स्टिअरिंग घट्ट धरून पुटपुटायची. लहानपणी कधी बर्फ न बघितलेली बाई बर्फात ड्राइव्ह करायला शिकली. मी पळत असताना ती गाडीत हीटर लावून बसायची, फॉइलमध्ये पोळीभाजी, थर्मासमध्ये चहा. बाकीच्या मुलींचे आईबाप बाहेर शेकोटीभोवती उभे असायचे. तिला कोणी बोलावलं नाही असं नाही. एकदा बोलावलं. ती गेली, दोन-तीन वाक्यं बोलली, आणि परत गाडीत येऊन बसली. "थकून जातो जीव," म्हणाली. "तिकडे जातीचं, इकडे रंगाचं. गाडीत बरी हाओ मी."

कारण तिथेही होतंच. पहिल्या वर्षी नेमबाजीच्या रेंजवर एका मुलीच्या वडिलांनी आमच्याबरोबर आलेल्या डायनांना बाजूला घेऊन विचारलं, ह्या मुलीला कायद्यानं रायफल हातात घेता येते का? कागद आहेत का तिचे? मी तिथेच उभी होते, ऐकत. माझा जन्म डेट्रॉइटच्या हॉस्पिटलमधला. डायनांनी त्याला सांगितलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस. शूट." त्यांना वाटलं त्यांनी मला धीर दिला. मी शूट केलं.

लोक विचारतात, एवढं पळून आल्यावर, छाती फुटायला आलेली असताना हात स्थिर कसा राहतो? शिकवतात ते. रेंज जवळ आली की वेग थोडा सोडायचा, श्वास मोजून घ्यायचा, श्वास बाहेर गेल्यावर जो क्षणभर थांबा असतो त्यात बोट दाबायचं. बाकीच्या मुलींना हे जमायला वर्षं लागली. मला फारसं शिकवावं लागलं नाही. आतून जळत असताना चेहरा आणि हात जागेवर ठेवायचे, हे मी काकूंच्या बेसमेंटमध्ये शिकून आले होते.

पुढची वर्षं भराभर सांगते. कॉलेज, मग व्हरमाँटमध्ये ट्रेनिंग. सकाळी पळायचं, दुपारी हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि रंग विकायचे, संध्याकाळी परत रेंज. उन्हाळ्यात रस्त्यावर चाकांच्या स्की. टीममध्ये जागा मिळाली, गेली, परत मिळाली. युरोपात शर्यतींना गेले की विमानतळावर माझ्याच सामानाची जास्त तपासणी, रायफल सगळ्यांकडे असूनही. टीममधल्या मुली बाजूला उभ्या राहून वाट बघायच्या. सुरुवातीला त्यांना राग यायचा माझ्यासाठी. नंतर नुसता उशीर व्हायचा.

मग आई आजारी पडली. मी घरी आले. केमो झाल्यावर ती खिडकीपाशी बसायची, अंगावर दोन ब्लँकेट. त्या दिवसांत मी रायफलीचा लाकडी दस्ता घासून पुन्हा पॉलिश करत होते. आमच्यातले पुष्कळ जण दस्त्यावर काही ना काही काढतात. कोणाच्या कुत्र्याचं नाव, कोणाच्या गावचा डोंगर. आई म्हणाली, "मी लिहू का काही?"

"लिही ना. तुला वाटेल ते."

तिनं बारीक ब्रश मागितला, निळा रंग मागितला. दस्ता मांडीवर घेतला. हाताची बोटं सुन्न झालेली होती तिची, ब्रश नीट धरता येत नव्हता. तरी मला हात लावू दिला नाही. दुपारभर बसून तिनं दोन शब्द लिहिले. जय भीम. 'भी'ची वेलांटी थोडी वाकडी गेली. "पुसू का?" तिनं विचारलं. मी नको म्हणाले. बाबा सोफ्यावर पेपर धरून बसले होते. त्यांनी बघितलं. म्हणाले, "शर्यतीत चालतं का असं?"

"कुत्रं चालतं तर हे काऊन नाही चालणार?" आई म्हणाली.

वसंतात ती गेली.

पुढच्या हिवाळ्यात मी राष्ट्रीय विजेती झाले. शेवटची फायरिंग उभ्यानं होती, वारा डावीकडून येत होता. मी सगळ्यांच्या पुढे रेंजवर आले, पहिली गोळी मारली आणि चुकले. मागून दुसरी मुलगी येऊन शेजारी उभी राहिली, तिच्या गोळ्या सुटायला लागल्या. मला घाई करायची होती. मी केली नाही. वारा पडेपर्यंत उभी राहिले. मग चारी पाडल्या. शिक्षेचा फेरा मारून निघाले तेव्हा ती माझ्या पुढे होती. शेवटच्या चढावर तिला गाठलं. रेषा ओलांडून बर्फावर आडवी झाले तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. आईला फोन करायचा नाही, एवढंच डोक्यात आलं.

टीव्हीवाल्या बाईनं दस्त्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. हे आमचं अभिवादन आहे. माझ्या आईनं लिहिलंय. ज्यांना माणसांत मोजलं नाही त्या लोकांतली मी आहे, दलित. आणि ज्यानं आम्हाला मान वर करायला शिकवली त्याचं हे नाव. एवढंच. ती क्लिप फिरली. शिकागोहून, जर्सी सिटीहून, नागपूरहून आमच्या लोकांचे मेसेज आले. डेट्रॉइटकडची आमची दहा-बारा कुटुंबं, जी चौदा एप्रिलला लायब्ररीच्या खोलीत जमतात, त्यांनी बाबांच्या घरी केक नेऊन दिला. मंडळाकडून एक शब्द आला नाही.

त्यानंतरच्या वर्षी युरोपातल्या एका शर्यतीत मी तिसरी आले. मोठी शर्यत होती. अमेरिकन वर्तमानपत्रांत फोटो आला. मग फोन आला.

"अगं, ओळखलंस का? वर्षाकाकू! आमच्या बेसमेंटमध्ये नाचायचीस गं तू! किती अभिमान वाटतो सांगू. आपली मराठी मुलगी! ह्या वर्षी मी मंडळाची प्रेसिडेंट आहे. दसरा-दिवाळीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार करायचाय आम्हाला."

मी म्हणाले, ट्रेनिंग आहे, जमणार नाही. तासाभरात बाबांचा फोन. "ये ना. माझ्यासाठी ये."

बाबा रिटायर झाले होते. आई गेल्यापासून घरात एकटे. सकाळी मॉलमध्ये वॉकिंगला जायचे, मंडळातले चार-पाच रिटायर्ड काका असायचे बरोबर, श्रीकांतकाकाही. चालून झालं की फूड कोर्टात कॉफी, गप्पा. बाबांच्या दिवसातलं बोलणं तेवढंच. मी हो म्हणाले.

अजून एक होतं. मी थकले होते. गुडघा दुखत होता, जिना उतरताना धरून उतरायची. मनात पक्कं केलं होतं की आता बस. कार्यक्रमानंतर बाबांना सांगायचं, मी थांबतेय.

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. बाहेर लॉबीत रांगोळी, समोसे, सेल्फीसाठी फुलांची चौकट. आणि त्या चौकटीशेजारी माझं पोस्टर. माझ्याहून उंच. मी पाठमोरी, मान वळवून बघतेय, पाठीवर रायफल. तो फोटो मला माहीत होता. त्यात दस्ता अगदी समोर येतो.

दस्ता कोरा होता.

मी जवळ गेले. स्वच्छ, तपकिरी लाकूड. लाकडाच्या रेषासुद्धा जुळवल्या होत्या. सुंदर काम केलं होतं कोणीतरी. आईची अक्षरं कुठेच नव्हती.

"कसं वाटलं?" काकू मागून आल्या. पैठणी, मोत्यांची नथ, मिठी मारली मला. "डिझायनर खास पुण्याचा आहे हं."

"दस्त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं, काकू."

"हो अगं, ते मीच काढायला सांगितलं. पॉलिटिकल नको ना. सगळ्यांचा कार्यक्रम आहे, लहान मुलं असतात."

"माझ्या आईनं लिहिलं होतं ते."

त्या थांबल्या. खरंच क्षणभर थांबल्या. मला वाटलं आता काही वेगळं बोलतील. मग माझ्या दंडाला हात लावून, अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं मग घरच्या फोटोत ठेव की. इथे कशाला?"

बाबा शेजारीच होते. नवा कुर्ता घातला होता त्यांनी. पोस्टरकडे बघत होते, वाचत होते, जिथे वाचायला काही नव्हतं तिथे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे गं. आजचा दिवस."

मी आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. नाच झाले, नाट्यछटा झाली. मला राग येत नव्हता. तेच मला विचित्र वाटत होतं. राग यायला अंगात जोर लागतो. मला फक्त झोप आल्यासारखं झालं होतं, हाडांतून. मी विचार केला, शाल घेऊ, नारळ घेऊ, हसू, घरी जाऊ. इतकी वर्षं केलंय, अजून एकदा. कोणाला कळणार आहे?

काकू माइकवर बोलत होत्या. "आपली मुलगी. ह्याच मंडळाच्या अंगणात वाढलेली, आपल्याच संस्कारांत घडलेली..." टाळ्या. माझं नाव घेतलं. मी वर गेले. श्रीकांतकाका शाल उलगडून पुढे आले.

मी मागे सरकले.

त्यांना वाटलं मला कळलं नाही. ते अजून पुढे आले. मी हात आडवा केला. मग काकूंच्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही. मागितला, त्यांनी दिला.

मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर त्याची पुष्कळ वेगळी रूपं फिरली.

"बाहेरच्या पोस्टरवर माझ्या रायफलीवरचे दोन शब्द पुसलेत. ते माझ्या आईनं लिहिले होते. ती आता नाही. ते शब्द आहेत, जय भीम. तुम्हाला माझं मेडल पाहिजे आणि हे शब्द नकोत. तसं मिळणार नाही. हा सत्कार मी घेत नाही."

बस. माइक टेबलावर ठेवला.

मग मागून एक तरुण आवाज आला, "कीप इट पॉझिटिव्ह यार." दुसऱ्या रांगेतली एक छोटी मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "मॉम, व्हॉट्स जय भीम?" तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. "शांत बस." मी पायऱ्या उतरले, गुडघा धरून. बाबा आपल्या बुटांकडे बघत बसले होते. मी त्यांच्या शेजारून गेले तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

पार्किंग लॉटमध्ये एक बाई माझ्यामागे धावत आली. तिशीतली, गळ्यात कंपनीचा बॅज विसरून राहिलेला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "जय भीम, ताई. मी चंद्रपूरची." माझा हात दोन्ही हातांत धरला. सोडेना. मग म्हणाली, "माझ्या टीममध्ये कोणाला माहीत नाही. माझा मॅनेजर आत बसलाय. फेसबुकवर वगैरे... मला टॅग करू नका, प्लीज." आणि परत आत गेली. कार्यक्रम अजून बाकी होता.

कोणीतरी व्हिडिओ टाकलाच. मग सुरू झालं. कृतघ्न. एवढं प्रेमानं बोलावलं आणि तोंडावर थुंकली. अमेरिकेत जातपात कुठे आहे, हेच लोक ती घेऊन फिरतात. ईशाचा, त्या माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीचा, लांबलचक इंग्लिश मेसेज आला. तिच्या आईचं बीपी वाढलंय. तिच्या आईच्या मनात कधीच तसं काही नव्हतं. मला लहानपणी त्यांच्या घरी सगळ्यांसारखंच वागवलं होतं. ईशाला खरंच तसं वाटतं. तिच्या हातात स्टीलचा पेला होता.

चार दिवसांनी काकूंनी बाबांना फोन केला. मला नाही, बाबांना. मी एक छोटासा व्हिडिओ करावा. गैरसमज झाला, कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता, एवढं म्हणावं. मग सगळं पहिल्यासारखं.

मी तेव्हा बाबांकडेच होते. ते सकाळी नेहमीसारखे मॉलला गेले आणि लवकर परत आले. दुसऱ्या दिवशीही लवकर आले. मी विचारलं. कॉफीचे कप धूत, पाठमोरे म्हणाले, "त्यांनी चालायची वेळ बदललीय वाटतं." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी ग्रुपवर विचारलं होतं, उत्तर आलं नव्हतं. तरी ते गेले होते. एकटेच चालून, फूड कोर्टात थोडा वेळ बसून आले होते.

जेवायला बसलो तेव्हा म्हणाले, "एक सॉरी म्हण. दोन ओळी. काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"तुझं ठीक आहे. तू जाशील व्हरमाँटला. मी कोणाशी बोलू?"

मी त्यांच्या ताटात पोळी वाढली.

"लायब्ररीत आपले लोक जमतात, बाबा. या म्हणतात तुम्हाला, दर वेळी."

"एवढी वर्षं गेलो नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" मग आवाज चढला त्यांचा. मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. "आयुष्यभर सांभाळलं मी हे. आयुष्यभर! तू एका मिनिटात मोडलं."

आणि ते नागपुरीत बोलत नव्हते. माझ्याशीही ते मंडळातलं मराठी बोलत होते. त्यांना ते कळलंही नसेल.

"काय सांभाळलं, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. मग लहान आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी तरी."

मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस वाईट नाही. त्यानं माझ्या शाळेची, माझ्या स्कीची, आईच्या औषधांची सोय मान खाली घालून केली. ती मान आता त्याला वर करता येत नाही. त्याला ती खाली घालायला लावणारे लोक मॉलमध्ये वेगळ्या वेळी चालतायत. आणि तो मला म्हणतोय, तूही घाल.

"नाही म्हणणार, बाबा."

ते उठले. ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. वर गेले आणि दार लावून घेतलं. मी निघाले त्या दिवशी दाराशी आले, सामान उचलू लागले, पण बोलले नाहीत. अजूनही फोन करते तेव्हा बर्फाबद्दल बोलतात. तिकडे किती पडला, इकडे किती पडला. मग ठेवतात.

मी थांबले नाही. कोचला कळवलं की ह्या हिवाळ्यात पळणार आहे. गुडघ्याला पट्टा बांधून पळते. चढावर मागे पडते, रेंजवर भरून काढते. पहिल्यासारखी जिंकेन असं नाही. थकले आहे. सकाळी उठताना अंग नको म्हणतं. हा थकवा शर्यतींचा असता तर झोपून गेला असता.

बाबा एकटे पडले, ते मी बोलले म्हणून. हे मला माहीत आहे, आणि मी ते कोणाच्या अंगावर ढकलत नाही. ते मॉलमधल्या खुर्चीवर बसलेले मला रोज दिसतात. तरीही तो व्हिडिओ मी करणार नाही. गैरसमज झाला असं सांगणार नाही. झाला नव्हता. सॉरी म्हणणार नाही. काकूंसाठी नाही, मंडळासाठी नाही.

बाबांसाठीसुद्धा नाही.